घरीच शिकणारी ताई आणि १/२ + १/३ : एका मुलीची केस

२०२४ च्या जूनमधे एक आई माझ्याकडे आली, सोबत सातवीचं बालभारतीचं गणिताचं पुस्तक आणि चेहरा असा की आता रडेल का नंतर. मुलगी बारा वर्षांची, शाळेत जात नाही, होमस्कूलिंग. मुलीला घरात धाकट्या भावामुळे सगळे ताई म्हणतात, तर मी पण इथे ताईच लिहिते, खरं नाव कशाला. मी मराठी शाळेत २६ वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं, त्यामुळे कॉलनीत मला सगळे बाई म्हणतात आणि कुणाचं पोर गणितात अडकलं की माझी बेल वाजते, पण होमस्कूलिंगवालं पोर हे पहिलंच. माझे स्वतःचे त्याबद्दल थोडे पूर्वग्रह होते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला कळेल की मी कुठे चुकले.

हे लोक काही फॅड म्हणून करत नव्हते. २०२० ला लॉकडाऊन लागला, ताईची तिसरी मोबाईलवर गेली, म्यूट करा अनम्यूट करा यातच वर्ष संपलं. घरी मात्र ती दिवसदिवस वाचत बसायची, आजीबरोबर कुंड्या, बाबांबरोबर वेताळ टेकडीवर पक्षी, मस्त चाललेलं. शाळा परत उघडल्या तेव्हा आईबाबांनी ठरवलं की नाही पाठवायचं. आणि खरंच सांगते, पोरगी भारी आहे. शिक्रा आणि घार यातला फरक तिनं मला गॅलरीत उभं राहून दाखवला, मातीची भांडी करते, मराठी इंग्रजी दोन्ही खणखणीत वाचते. फक्त गणित म्हणलं की पोटात दुखतं. हे अक्षरशः, सकाळी अकराला डायनिंग टेबलवर वही उघडली की पोटात दुखायचं आणि साडेअकराला थांबायचं. 

आई इंजिनियर. गणितात लहानपणापासून पहिली. आणि मला विचाराल तर अर्धं दुखणं तिथंच होतं. तिला सगळं दिसतं आणि पोरीला दिसत नाही, मग "अगं सोप्पंय गं हे" असं तोंडातून निघतं. सोप्पंय म्हणलं की ज्याला येत नाही त्याला काय कळतं? की सोपी गोष्ट सुद्धा मला येत नाही. रोज एकदा रडारड, कधी ताई कधी आई. मग वैतागून एक ॲप लावलं, पैसे भरून, त्यात व्हिडिओ बघायचा आणि चार पर्याय निवडायचे, हिरवी रेघ पुढे सरकत जाते. दोन वर्षं ती रेघ हिरवी होती. ॲपच्या मते पोरीचं सहावीचं गणित ८५ टक्के झालेलं. सातवीच्या पुस्तकात परिमेय संख्या आल्या, म्हणजे अपूर्णांक आणि वजा संख्या सगळं एकत्र, आणि सगळं धाडकन बसलं.

बाबांचं म्हणणं वेगळंच, ते म्हणाले की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी देणारच आहे तर गणित हवंच कशाला. त्यांचा मुद्दा चूक नव्हता. एनआयओएसच्या माध्यमिकला पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा, गणित सक्तीचं नाही. गणिताऐवजी गृहविज्ञान घ्या, चित्रकला घ्या, डेटा एंट्री घ्या, चालतं, आणि १४ पूर्ण झाली की बसता येतं. मी एवढंच म्हणलं की सोडायचं तर सोडा पण येत नाही म्हणून नका सोडू, आवडत नाही म्हणून सोडा, आणि आवडतं का नाही हे आत्ता तिला तरी कुठे माहितीये. ते हसले, म्हणाले बघा मग सहा महिने.

पहिलं काम, सातवीचं पुस्तक बंद करून कपाटात. मी ३० गणितांचा एक कागद बनवला, तिसरीपासून सहावीपर्यंतची, मिसळून. वेळ लावली नाही. दोन दिवसात निवांत सोडव म्हणलं आणि अट एकच, खोडरबर वापरायचा नाही. खोडरबर म्हणजे पुरावा नष्ट करणं. ३० पैकी ११ बरोबर आले. पण आकडा सोडा, मला चुकांमधे रस होता, कारण मुलं उगाच काहीही लिहीत नाहीत, त्यांच्या डोक्यात एक नियम असतो आणि तो नियम ती इमानदारीत पाळतात. चुकीचा असला तरी.

४०२ - १७८ बरोबर, २२४. बेरीज वजाबाकी गुणाकार ठीक, फक्त सात आणि आठचा पाढा म्हणताना पोरगी पाच साते पस्तीसपासून बोटांवर चढत जाते. मग ६१२ ÷ ६, उत्तर १२. सहा एके सहा, मग एकाला भाग जात नाही म्हणून पुढे, सहा दुणे बारा, झालं, मधलं शून्य गायब. ०.३५ आणि ०.४ यात मोठी कोण, तर ०.३५, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. ३/८ आणि ३/५ मधे मोठा ३/८, कारण आठ मोठे. -३ - ५ चं उत्तर +८, कारण मायनस मायनस प्लस. आणि १/२ + १/३ = २/५, वरचे वर, खालचे खाली.

नीट बघितलं तर या सगळ्या चुकांची मुळी एकच. तिच्यासाठी ३/८ हा एक आकडा नव्हताच, ते वरखाली राहणारे दोन भाडेकरू होते, एकमेकांशी बोलणं नाही. ०.३५ पण तसंच, ठिपक्याच्या पलीकडे पस्तीस नावाचं कुणीतरी राहतं. संख्या केवढी आहे हा प्रश्नच तिला पडत नव्हता, चिन्हं दिसली की नियम आठवायचा आणि लावायचा. आणि ॲपमधे चार पर्याय असले की नियम अर्धवट आठवला तरी उत्तर सापडतं, दोन पर्याय तर बघूनच उडतात, म्हणून रेघ हिरवी. अपूर्णांकांवरच्या क्रिया शाळेत पाचवी सहावीला पक्क्या होतात, नेमका तोच काळ हिचा व्हिडिओत गेला. शाळेत गेली असती तर हे झालं नसतं असं मात्र मी म्हणणार नाही हं, १/२ + १/३ = २/५ लिहिणारी पोरं मी वर्गात दरवर्षी बघितलीत, साठातली वीस तरी. फरक एवढाच की वर्गात ती वीस एकमेकांना बघून निवांत असतात, ही एकटीच होती आणि तिला वाटायचं जगात फक्त मलाच येत नाही.

आता यातली गंमत. त्याच दिवशी आजी आतून ओरडल्या, ताई, भाजणीला पाऊण वाटी पाणी घाल गं, आणि पोरगी उठली, वाटी घेतली, अर्धीच्या वर आणि भरलीच्या खाली बरोब्बर पाऊण पाणी ओतून आली. मी बघतच राहिले. पाऊण येतंय, ३/४ येत नाहीये. 

मग तिला जवळ बसवून विचारलं, समज तू अर्धी भाकरी खाल्लीस, मग वर एका भाकरीचा तिसरा भाग खाल्लास, तर आधीपेक्षा जास्त खाल्लंस का कमी? जास्त, अर्थातच. बरं, मग हे तुझं २/५ अर्ध्यापेक्षा मोठं का लहान? तिनं कागदाची पट्टी पाच भागात आखली, दोन रंगवले, बघितलं, परत बघितलं. म्हणाली, "लहान आहे. म्हणजे बाई, मी खाल्ली आणि भाकरी परत आली?" आणि खळखळून हसली. गणिताच्या वहीसमोर पोरगी हसलेली आईनं दोन वर्षात बघितली नव्हती, ती दारातून बघत होती आणि लगेच म्हणाली, "बघ, किती सोप्पंय!" झालं. ताईचा चेहरा परत बंद.

त्या दिवशी मी आईला सांगितलं की गणिताच्या वेळी तुम्ही घरात थांबू नका, खाली चक्कर मारून या. तिला लागलं ते. "म्हणजे मीच प्रॉब्लेम आहे का बाई?" मी म्हणलं हो, थोडा. हे असं बोलायला नको होतं, नोकरी सोडून चार वर्षं पोरांना शिकवणाऱ्या बाईला असं तोंडावर म्हणणं म्हणजे काय, दोन दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. नंतर मी जाऊन सॉरी म्हणलं आणि आम्ही कामं वाटून घेतली. अपूर्णांक माझ्याकडे, आठवड्यातले चार दिवस, २५ मिनिटं, टायमर वाजला की मधेच वाक्य तोडून उठायचं. आईकडे पाढे, पण रोज पाचच मिनिटं आणि पत्त्यांनी, दोन पत्ते उलटायचे आणि गुणाकार म्हणायचा. आणि घरात सोप्पंय हा शब्द बंद, जो म्हणेल त्यानं डब्यात दहा रुपये टाकायचे. पहिल्या महिन्यात डब्यात १४० रुपये जमले, त्यातले ३० माझे.

पुढचे तीन आठवडे वहीत एकही गणित नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आहे ना, तीच घेतली. एका टोकाला ० चं कार्ड, मधे १, दुसऱ्या टोकाला २, चिमट्यांनी लावलेलं. रोज तिला पाचसहा कार्डं द्यायची आणि जागेवर लाव म्हणायचं. पहिल्या दिवशी तिनं १/४ हे १/२ च्या उजवीकडे लावलं. मी काही बोलले नाही, मराठीत "पाव" लिहिलेलं कार्ड तिच्या हातात दिलं. ते तिनं अर्ध्याच्या अलीकडे लावलं आणि मग दोन्ही कार्डांकडे बघत उभी राहिली. पाव तर १/४ च. मग स्वतःच चिमटा काढून हलवला.

इथे आजींनी कमाल केली. त्या साताऱ्याकडच्या, जुन्या शाळेतल्या, त्यांना पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, अजून येतात. त्या कपडे काढायला आल्या आणि दोरीवर बोट ठेवत म्हणत सुटल्या, पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. मी इतकी वर्षं पावकीला पाठांतराचं ओझं समजत होते, ती तर सरळ संख्यारेषा आहे हो, पावापावानं टाकलेली पावलं! पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे शब्दातच लिहिलंय, इंग्रजीत शिकणाऱ्या पोराला वन अँड थ्री फोर्थ्स यातून कळत नाही की हे दोनाला खेटून उभं आहे. ताईला याचं वेडच लागलं. साडेएक का नाही म्हणत, साडेदोन का नाही, साडे तीनपासूनच का? कारण दीड आणि अडीच आधीच जागा अडवून बसलेत. मग आजींनी औटकी पण काढली, साडेतीनचा पाढा, औट म्हणजे साडेतीन, औटघटकेचं राज्य म्हणतात ते साडेतीन घटकांचं. घटका २४ मिनिटांची, तर राज्य किती मिनिटांचं? ताईनं तिनाचे ७२ आणि अर्ध्याचे १२, ८४ असं तोंडी सांगितलं. तोंडी! या पोरीनं!

भाषेचं एक सांगायचं राहिलं. हिचं सगळं गणित ॲपमुळे इंग्रजीत आणि घर मराठीत, तर एकोणनव्वद म्हणलं की ती ७९ लिहायची. २०१९ मधे गणितज्ञ मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या बालभारतीच्या गणित समितीनं दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांच्या जोडीला साठ तीन, सत्तर दोन अशी रचना आणली तेव्हा केवढा गदारोळ झालेला, मी पण शिक्षकांच्या ग्रुपवर तावातावानं विरोधात लिहिलं होतं. आता ताईकडे बघून वाटतं, पोरांचं काय होतं ते नारळीकर बाईंना दिसत होतं. मला अजूनही त्रेसष्ट हवाच आहे, पण अडखळणाऱ्या पोराला आधी साठ तीन म्हणू दिलं तर काय बिघडतं.

लसावि मी शिकवलाच नाही, तो केळ्यांतून निघाला. एक डझन केळी टेबलावर. अर्धा डझन किती, सहा. डझनाचा तिसरा भाग, चार. दोन्ही मिळून दहा, म्हणजे डझनाचे १०/१२. आता पाव आणि तिसरा भाग? तीन आणि चार, ७/१२. मग मी म्हणलं, आता डझनाचा पाचवा भाग दे. ती केळी मोजत बसली, दोन दोन वाटली, दोन उरली. "बाई डझन चालणार नाही, पंधरा केळी हवीत. नाही नाही, पाव पण काढायचा असेल तर वीस. आणि तिसरा पण हवा असेल तर…" आणि साठावर जाऊन थांबली. हेच ते, लघुतम सामाईक विभाज्य, तिनं स्वतः काढलं, नाव मी नंतर सांगितलं. वर्गात मी हे उलटं शिकवायचे, आधी नाव, मग रीत, मग वीस गणितं, आणि कशासाठी ते कधीच नाही.

-३ - ५ साठी तीच दोरी शून्याच्या डावीकडे वाढवली. त्यांच्या बिल्डिंगला दोन मजली तळघर पार्किंग आहे, लिफ्टचं उदाहरण आयतं. समज तळघरं दोन नाहीत, खाली खूप आहेत, तू तिसऱ्या तळघरात उभी आहेस आणि आणखी पाच मजले खाली गेलीस, तर आठव्या मजल्यावर कशी पोचशील? "मायनस मायनस प्लस" हे तीन शब्द भारतातल्या किती पोरांचं वाटोळं करत असतील देव जाणे. ते गुणाकाराला आहे, वजा संख्या वजा करायला आहे, दोनदा खाली जायला नाहीये. आणि ६१२ ÷ ६ साठी नवीन रीत काही नाही, फक्त प्रत्येक गणिताआधी कोपऱ्यात पेन्सिलनं अंदाज लिहायचा. सहाशेचे सहा वाटे केले तर शंभर, मग उत्तर १२ कसं येईल. पहिले पंधरा दिवस ती अंदाज उत्तर काढल्यावर लिहायची, लबाड.

मधे एक घाण झाली, ती माझ्यामुळे. ऑगस्टमधे बाबांनी सहज विचारलं की सातवीचं कधी सुरू होणार, आणि मी उगाच दबावात येऊन बीजगणित काढलं, क्ष + १/२ = ३/४ वगैरे. पोरगी गप्प झाली आणि बाथरूममधे जाऊन बसली, पोटात दुखतंय. पाच दिवस गणित बंद. मला वाटलेलं अपूर्णांक आले म्हणजे आले, पण तिला दोरीवर आणि केळ्यात आले होते, कागदावर अजून पाहुण्यासारखे होते. परत मागे गेलो, दोरीवरून वहीत दोरी काढण्यावर, मग नुसत्या रेघेवर, मग आकड्यांवर, हे करण्यात पूर्ण सप्टेंबर गेला.

याच काळात आईनं रात्री नेटवर वाचून डिस्कॅल्क्युलिया काढलं, म्हणजे आकडे समजण्यातच येणारी अडचण. मी ते झटकून टाकलं नाही. असं खरंच असतं, तपासणीही होते, मुंबईत सायन हॉस्पिटलमधे तर लर्निंग डिसॅबिलिटीचं वेगळं क्लिनिकच आहे. पण हिला घड्याळ येतं, सुट्टे पैसे येतात, मुठीतल्या गोट्यांचा अंदाज येतो, आणि दोरीवर रोज काहीतरी पुढे सरकत होतं. म्हणून ठरवलं की डिसेंबरपर्यंत बघू, तेव्हाही पाढे आणि साधी तुलना तिथंच अडली असेल तर तज्ज्ञांकडे जायचं, लाज न बाळगता.

डिसेंबरमधे तोच ३० गणितांचा कागद परत दिला, आकडे बदलून. २४ बरोबर. चुकलेल्या सहापैकी दोन आठच्या पाढ्याच्या, एक घाईची, तीन शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतली, तीच मराठीत वाचून दाखवली तर दोन सुटली. पोटात दुखणं ऑक्टोबरनंतर नाही. डिस्कॅल्क्युलियाचा विषय आईनंच बंद केला. सातवीचं पुस्तक कपाटातून निघालंय पण ती सातवीत आहे असं मी म्हणणार नाही, परिमेय संख्या चालू आहेत, सरळव्याज तिला आवडलं, समप्रमाण भाजणीच्या हिशोबानं जमतं, बैजिक राशी अजून लांब. बाबा परत विचारत नाहीत.

आणि आता भागाकाराला अडलोय, दोघी. ३ ÷ १/२ तिला येतं, तीन भाकऱ्यांचे अर्धे अर्धे केले तर सहा. पण १/२ ÷ ३/४ ला मी सवयीनं म्हणाले की दुसरा उलटा कर आणि गुण. ती म्हणाली, का? २६ वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं, मी म्हणलं सोमवारी सांगते. रविवारी स्वयंपाकघरात वाट्या घेऊन बसले. सोमवारी विचारलं, अर्ध्या वाटीत पाऊण वाटी किती वेळा मावेल? "एकदा सुद्धा नाही बाई, पाऊण मोठी आहे." बरं, पूर्ण नाही मावत, मग पाऊण वाटीतला केवढा भाग मावेल? तिनं आजींची पावकी पुटपुटली, अर्ध्यात दोन पाव, पाऊणमधे तीन पाव. "तिनातले दोन. २/३?" उलटा करून गुणलं तर १/२ × ४/३, तेच, २/३. तिनं दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, उत्तर तर जुळलं, पण उलटा का केला ते नाही सांगितलंत तुम्ही. टायमर वाजला.